मूल गेल्यानंतर मनात येणारे मरणाचे विचार

कृष्णकमळ, पुणे (धागा सुरू करणारी सदस्य)

अपत्य गेलेल्या घरात दुःखाविषयी सगळे बोलतात, पण ‘मलाही आता जगायचे नाही’ हे वाक्य कोणी उच्चारले की समोरचा माणूस एकतर विषय बदलतो, नाहीतर ‘असे अभद्र बोलू नये’ म्हणून गप्प करतो. हा धागा त्या वाक्यासाठी आहे. माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना रस्त्यावरच्या अपघातात गेला आणि त्यानंतर बराच काळ हे वाक्य माझ्या मनात मुक्कामाला होते. ज्यांच्या मनात ते आज आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी लिहीत आहे.

ज्यांना या क्षणी स्वतःचीच भीती वाटत असेल त्यांनी पुढचे वाचणे बाजूला ठेवावे आणि आधी १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती चोवीस तास चालते, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. धोका अगदी समोर उभा असेल तर ११२ लावावा किंवा घरातल्या कोणालाही उठवावे, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

मला मुख्यतः हे सांगायचे आहे की दुःख आणि मरणाचा विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी त्या एकाच कारणाने आणि एकाच दिवशी घरात शिरल्या असल्या तरी. दुःख माझ्या मुलाचे आहे, ते राहणार आहे आणि ते संपावे अशी माझी इच्छाही नाही. मरणाचा विचार मात्र त्याचा नाही. तो ताप चढावा तसा चढतो आणि तापासारखाच त्याच्यावर इलाज होतो. हे दोन्ही एकच आहेत असे मला कित्येक महिने वाटत होते, कारण आपल्याकडची समजूतच तशी आहे. दशरथाने पुत्रशोकाने प्राण सोडले ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि खरे प्रेम असेल तर आईबाप मागे उरत नाहीत, असा एक हिशेब नकळत मनात बसतो. तेराव्यानंतर मला पहिल्यांदा नीट भूक लागली तेव्हा स्वतःची लाज वाटली होती, ती याच हिशेबामुळे. पण त्याच कथेत कौसल्याही आहे. मुलगा वनवासाला गेला, पती गेला, तरी ती चौदा वर्षे जगली आणि तिचे रामावर कमी प्रेम होते असे आजवर कोणी म्हटलेले नाही. अभिमन्यू गेल्यावर सुभद्राही जगली आणि तिने नातवाला वाढवले. आपण दशरथाची गोष्ट जितक्या वेळा सांगतो तितक्या वेळा या दोघींची सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

हे विचार सगळे एकसारखे नसतात आणि तो फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे. रात्री झोपताना ‘उद्या जागच येऊ नये’ असे वाटणे, रस्ता ओलांडताना बेफिकीर होणे, ‘तो जिथे आहे तिथे मलाही न्या’ असे देवाला म्हणणे, हे मूल गेलेल्या पुष्कळ आईवडिलांच्या बाबतीत घडते. मी ज्यांच्याशी बोलले त्यांपैकी क्वचितच कोणी याला नकार दिला. तेवढ्यावरून आपण वेडे झालो आहोत असे समजू नये, पण ते कोणाच्या तरी कानावर जरूर घालावे. मात्र मन जेव्हा कसे आणि केव्हा याचा विचार करू लागते, हिशेबाच्या वह्या आणि बँकेची कागदपत्रे नीट लावून ठेवावीशी वाटू लागतात, आपल्या वस्तू वाटून टाकाव्याशा वाटतात किंवा ‘आपण नसलो तर घरच्यांचे ओझे कमी होईल’ हे अगदी खरे वाटू लागते, तेव्हा एक दिवसही थांबू नये.

माझ्या बाबतीत तसे झाले तेव्हा मी माझ्या वन्संना फोन केला. ‘मला मरावेसे वाटते आहे आणि आता मला स्वतःची भीती वाटते’, एवढेच मी बोलले. त्यांनी ‘असे कसे म्हणतेस, धाकटीचा विचार कर’ असे म्हटले नाही. ‘आत्ता घरात तुझ्याजवळ कोण आहे?’ असे विचारले आणि मी येईपर्यंत फोन ठेवू नकोस म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या मला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. वाक्य तेच होते, पण माझ्या डोक्याबाहेर पडल्यावर त्याची पकड सैल झाली, कारण आता ते सांभाळायला आणखी एक माणूस होता.

डॉक्टरांनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेली ही पद्धत आहे आणि ती आता जगभर वापरली जाते. अशा वेळी डोके चालत नाही, म्हणून शांत असताना सगळे लिहून ठेवायचे, हा तिचा गाभा आहे. विचार चढू लागल्याची माझी स्वतःची चिन्हे कोणती, हे आधी लिहायचे. माझी चिन्हे अशी होती: संध्याकाळी त्याच्या घरी येण्याच्या वेळेला दाराकडे कान लागणे, जेवण टाळणे आणि मैत्रिणींचे फोन न उचलणे. मग एकटी असताना करण्याच्या गोष्टी लिहायच्या. मी खाली उतरून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाणे लिहिले होते, कारण तिथे चार माणसे असतात आणि कोणी फार प्रश्न विचारत नाही. त्यानंतर ज्यांच्या सहवासात मन दुसरीकडे वळते अशी माणसे आणि जागा, मग ज्यांना खरे सांगता येईल अशा दोघातिघांचे फोन क्रमांक, मग डॉक्टरांचा आणि १४४१६ हा क्रमांक. शेवटी, घर सुरक्षित कसे करायचे ते. आमच्या घरातली सगळी औषधे वन्सं घेऊन गेल्या आणि आठवड्यापुरत्या गोळ्या आणून देत राहिल्या. मला त्याचा अपमान वाटला नाही, उलट सुटल्यासारखे वाटले. तो कागद आमच्या फ्रिजच्या दारावर होता.

इतरांनीही लिहावे अशी विनंती आहे. कशाने फरक पडला ते लिहावे आणि कशाने त्रास वाढला तेही.

वैनगंगा, भंडारा जिल्हा

ताई, तुम्ही लिहिलेत म्हणून मलाही लिहिण्याचा धीर आला.

माझी मुलगी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने गेली. आमच्या पूर्व विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतःला त्रास नसताना या आजाराचे जनुक त्यांच्यात असेल, तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आम्हा दोघांनाही कधी त्रास झाला नव्हता, त्यामुळे आपण वाहक आहोत हे लग्नाच्या वेळी आम्हाला माहीत नव्हते. मुलीच्या निदानानंतर आमची तपासणी झाली तेव्हा ते कळले. ती गेल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली की हे रक्त मी तिला दिले आहे आणि याची शिक्षा मला झालीच पाहिजे. तुम्ही ज्याला प्रेमाचा हिशेब म्हणता तो माझ्याकडे शिक्षेच्या रूपात आला होता. अपघातात, आजारपणात, बुडून, कशानेही मूल गेलेले असो, बापाच्या मनात ‘माझ्यामुळे’ हा शब्द येतोच आणि मरणाचा विचार त्याच शब्दाला धरून आत येतो, असे माझे मत झाले आहे.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. मातीला आलेल्या प्रत्येक माणसाने मला ‘आता बाईले सांभाळा’ असे सांगितले. ते बरोबरही होते, पण मला कसे आहे हे विचारणारा एकही नव्हता. मी सकाळी शेतात जायचो आणि दिवसभर बांधावर बसून परत यायचो. घरच्यांना वाटायचे की माणूस कामाला लागला, सावरला. मला विचारले ते आमच्या गावच्या आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेने. त्यांनी आडपडदा न ठेवता विचारले, ‘भाऊ, जीव द्यावासा वाटते का तुम्हाले?’ मी हो म्हणालो आणि तिथेच रडलो.

त्या दिवशी संध्याकाळी माझा चुलतभाऊ येऊन फवारणीची सगळी औषधे घेऊन गेला. ती त्याने आपल्या घरीही न ठेवता कृषी केंद्रात परत दिली. शेतकरी घरांसाठी हे मी मुद्दाम लिहीत आहे. दुःख असलेल्या घरात ही औषधे एक रात्रही राहू नयेत. तमिळनाडूत काही गावांमध्ये गावाचे सामायिक भांडार करून प्रत्येक शेतकऱ्याला बँकेच्या लॉकरसारखा कुलूपबंद कप्पा देण्याचा प्रयोग चेन्नईच्या ‘स्नेहा’ या संस्थेने केला आहे. आपल्याकडेही गावोगाव तसे व्हावे अशी माझी कळकळीची इच्छा आहे, कारण विचार कितीही तीव्र असला तरी साधन हाताशी नसले की मध्ये वेळ जातो आणि तेवढ्या वेळात माणूस वाचतो.

रक्ताच्या शिक्षेबद्दल जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकांनी मला विचारले, ‘तुमच्या वडिलांनी हे जनुक तुम्हाला दिले. तुम्ही त्यांना शिक्षा द्याल का?’ या प्रश्नाचे उत्तर मी अजूनही देत असतो, पण तो प्रश्न माझ्या कामी आला.

पाणवठा, ठाणे

माझ्या वहिनींची मुलगी काही महिन्यांपूर्वी गेली. त्या फार शांत झाल्या आहेत आणि आम्हाला काळजी वाटते. त्यांना मरणाविषयी थेट विचारावे का? विचारल्यामुळे नसलेला विचार त्यांच्या डोक्यात शिरेल अशी आईला भीती वाटते. दादा तर या विषयावर बोलायलाच तयार नाही.

आरोग्यवेल, सोलापूर

मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि सरकारी रुग्णालयात काम करतो. इथे कोणावर उपचार करता येणार नाहीत, पण काही गोष्टी स्पष्ट करतो.

पाणवठा, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे अनेक अभ्यासांमधून दिसले आहे. उलट बहुतेकांना हायसे वाटते. प्रश्न मात्र सरळ असावा. ‘तुम्ही वेडेवाकडे काही करणार नाही ना?’ असे विचारले की माणूस ‘नाही’ म्हणतो, कारण आपल्याला तेच उत्तर हवे आहे हे त्याला कळते. ‘वहिनी, जगू नये असे वाटते का? जीव संपवण्याचा विचार येतो का? कसे ते ठरवले आहे का?’ असे एकामागून एक विचारावे, उत्तर येईपर्यंत थांबावे आणि उत्तर ‘हो’ आले तर घाबरून उपदेश करू नये. तुमच्या आईंना भीती वाटत असेल तर त्यांनी विचारू नये. ज्याला ‘हो’ ऐकून जवळ बसता येईल त्याने विचारावे.

ही काळजी अनाठायी नाही. डेन्मार्कमध्ये मूल गमावलेल्या एकवीस हजारांहून अधिक पालकांचा अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मूल गेलेल्या आयांमध्ये अपघात आणि आत्महत्या यांसारख्या अनैसर्गिक कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतर आयांपेक्षा बरेच जास्त आढळले आणि ते पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक होते. आपल्याकडे माणसे तेराव्यापर्यंत गर्दी करतात आणि वर्षश्राद्धानंतर ‘आता यातून बाहेर पडायला हवे’ असे म्हणू लागतात. नातेवाइकांनी तीन वर्षे हा आकडा लक्षात ठेवावा असे मी नेहमी सांगतो. याचा अर्थ प्रत्येकाला धोका आहे असा नाही. त्या अभ्यासातलेही बहुसंख्य पालक जगले.

दुःख हा आजार नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘दीर्घकालीन शोकविकार’ हे निदान आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ ओढ आणि वेदना इतकी तीव्र राहते की माणसाचे रोजचे जगणे बंद पडते, असे त्याचे स्वरूप असते आणि त्यात आपल्या समाजाच्या रीतीभातीही विचारात घ्याव्या लागतात. या विकारासाठी शोकावर केंद्रित अशी सोळा सत्रांची उपचारपद्धती आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत असे दिसले की नैराश्यावरच्या गोळ्यांनी शोक कमी झाला नाही. मात्र शोकावरच्या उपचारांना त्या गोळ्यांची जोड दिली तेव्हा सोबत असलेल्या नैराश्याची लक्षणे कमी झाली. ‘गोळीने माझे मूल परत येणार आहे का?’ असे मला अनेकदा विचारतात. नाही येणार. पण गोळीने झोप परत येऊ शकते, आणि सतत न झोपलेल्या माणसाच्या मनात मरणाचा विचार फार लवकर चढतो. या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. तेवढ्या काळात सोबत अधिक लागते, हे घरच्यांनी आधीच जाणून घ्यावे.

अनेक आईवडिलांना मुलाची हाक ऐकू येते, पाऊल वाजल्यासारखे होते, क्षणभर तो दिसतोही. हे शोकात सामान्यपणे घडते. परंतु तो आवाज ‘माझ्याकडे ये’ असे सांगत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात यावे.

कृष्णकमळताईंनी ज्या कागदाविषयी लिहिले आहे त्याचा अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये अभ्यास झाला. असा कागद करून दिला आणि नंतर फोनवरून पाठपुरावा केला, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित कृतींचे प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी आढळले. पाठपुरावा हा त्यातला अर्धा भाग आहे. कागद लिहून देऊन घरच्यांनी मोकळे होऊ नये.

पोलिसांच्या भीतीने लोक रुग्णालयात येत नाहीत, म्हणून कायद्याविषयीही सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३०९ सारखे सरसकट शिक्षेचे कलम राहिलेले नाही. जिल्हा रुग्णालयांमध्ये मनोविकार विभाग असतो आणि पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात येण्यासाठी दाखल व्हावे लागत नाही.

दूरदेशी, न्यू जर्सी

माझे बाळ जन्मानंतर काही दिवसांतच गेले. बारसेही झालेले नव्हते. भारतातून येणाऱ्या फोनवर बहुतेकांनी ‘लवकरच दुसरे होईल’ असे म्हटले. ज्याला नाव मिळाले नाही त्याचे दुःख किती करायचे, असा त्यामागचा भाव होता.

एक गोष्ट कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. बाळ गेल्यानंतरही मला दूध येत होते. ते कसे थांबवायचे हे कोणी सांगितले नव्हते आणि त्या वेदनेत माझ्या मनात पहिल्यांदा मरणाचा विचार आला. नंतर डॉक्टरांनी समजावले की बाळ जवळ नसले तरी शरीर बाळंतिणीचेच असते, प्रसूतीनंतर येणारे नैराश्य अशा आईलाही येते आणि त्याच्यावर स्वतंत्र उपचार आहेत. बाळ गमावलेल्या बाळंतिणीला भेटायला जाणाऱ्या प्रत्येक काकू-मावशीने हे लक्षात ठेवावे. तिच्या शरीराची विचारपूस करावी, तिला झोपू द्यावे आणि बाळ कसे दिसत होते ते विचारावे. मला तो प्रश्न एकाच व्यक्तीने विचारला.

अमेरिकेत ९८८ हा क्रमांक जुलै २०२२ पासून आहे, फोन करता येतो आणि संदेशही पाठवता येतो. ब्रिटनमध्ये ‘समॅरिटन्स’चा ११६१२३ आहे. मला सर्वाधिक आधार मिळाला तो मूल गमावलेल्या पालकांच्या गटात. ‘कम्पॅशनेट फ्रेंड्स’ ही संस्था १९६९ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री येथे सुरू झाली आणि आता तिच्या शाखा अनेक देशांत आहेत. तिथे मी मरणाचा विचार बोलून दाखवला तेव्हा वर्तुळात बसलेल्या अर्ध्या माणसांनी मान हलवली. ती सगळी माणसे माझ्यापुढे जिवंत बसलेली होती.

तुळशीवृंदावन, सांगली

सर्वांविषयी पूर्ण सहानुभूती ठेवून लिहिते. जीव देणे हे महापाप आहे आणि तसे केल्यास मुलाची भेट कधीच होत नाही, हे आपल्या शास्त्रांनी सांगितले आहे. हे ठामपणे सांगितले तर माणसे थांबतील असे मला वाटते. नामस्मरण करावे.

कृष्णकमळ, पुणे

तुळशीवृंदावनताई, तुमचा हेतू चांगला आहे हे मी जाणते, आणि नामस्मरणाने मलाही पुष्कळ आधार दिला. माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून हरिपाठ म्हणत. त्यांनी मला काही समजावले नाही, त्या फक्त म्हणत राहिल्या आणि त्या अर्ध्या तासात मी एकटी नसे. पण पापाची भीती घातल्याने विचार थांबत नाही, तो विचार बोलून दाखवणे थांबते. माझ्याही कानावर हे वाक्य आले होते आणि त्यानंतर मी त्या व्यक्तीसमोर हसून वावरू लागले. तिला वाटले की मी सावरले. आधीच स्वतःला अपराधी समजणाऱ्या आईच्या डोक्यावर आणखी एका अपराधाचा विचार ठेवू नये, अशी मी हात जोडून विनंती करते.

रानजाई

मी काही दिवसांपासून हा धागा वाचत आहे. उद्या माझ्या मुलाचा वाढदिवस आहे, तो गेल्यानंतरचा पहिला. मला उद्याचा दिवस पाहायचा नाही. घरात सगळे झोपले आहेत. कोणाला उठवावे असे वाटत नाही, त्यांनाही दिवसभराची कामे असतात.

दूरदेशी, न्यू जर्सी

रानजाई, इथे दिवस आहे आणि मी जागी आहे. तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. मी सरळ विचारते. तुम्ही आज रात्री जीव संपवण्याचा विचार करत आहात का? तसे काही तुमच्या हाताशी आहे का? असेल तर आत्ता त्या खोलीतून बाहेर या आणि जिथे दुसरे माणूस झोपले आहे तिथे जाऊन बसा. तिथून १४४१६ लावा. मी इथेच आहे.

रानजाई

हो, विचार आहे. मी बाहेरच्या खोलीत आले आहे. इथे जाऊबाई झोपल्या आहेत.

दूरदेशी, न्यू जर्सी

त्यांना आत्ता उठवा. काही समजावून सांगण्याची गरज नाही. ‘मला एकटीला भीती वाटते, माझ्याजवळ बसा’ एवढेच म्हणा, किंवा मी हे लिहिले आहे ते त्यांना वाचायला द्या. जाऊबाई, तुम्ही हे वाचत असाल तर यांना आज रात्री क्षणभरही एकटे सोडू नका, आणि टेली-मानसला फोन तुम्ही लावलात तरी चालतो.

रानजाई

त्या उठल्या आहेत. त्या फोन लावत आहेत.

आरोग्यवेल, सोलापूर

सकाळी वाचले. रानजाई, आज वाढदिवसाच्या दिवशीच जवळच्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जावे, पुढच्या आठवड्यावर टाकू नये. दूरदेशी, तुम्ही जे केले ते अगदी बरोबर केले. सर्वांना सांगतो की वाढदिवस, दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस, दिवाळी आणि भाऊबीज, मृत्यूची तिथी आणि तारीख यांच्या आदल्या रात्री बहुधा प्रत्यक्ष दिवसापेक्षा अधिक कठीण जातात. हे दिवस आधीच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावेत आणि आदल्या संध्याकाळपासून कोण सोबत राहणार ते ठरवावे.

रानजाई

जाऊबाई आणि माझे पती मला दवाखान्यात घेऊन गेले. औषधे सुरू झाली आहेत, पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावले आहे. माझ्या मनात हे इतके दिवस होते ते पतींना माहीत नव्हते. त्यांच्या मनातही होते, हे मला माहीत नव्हते. डॉक्टरांनी दोघांनाही तपासले. अधिक लिहिण्याची ताकद आज नाही.

वैनगंगा, भंडारा जिल्हा

ताई, पतींनाही तपासले हे वाचून फार बरे वाटले. त्यांना माझ्याशी बोलायचे असेल तर त्यांनी मला इथल्या निरोपातून कळवावे. आम्हा बापांना एकमेकांशी बोलणे सोपे जाते, विशेषतः काम करता करता.

पाणवठा, ठाणे

मी वहिनींना विचारले. आरोग्यवेल यांनी सांगितले होते तसेच, एकामागून एक. उत्तर ‘हो’ आले. मी ‘सांगितलेत हे बरे केलेत’ एवढेच म्हणालो आणि आम्ही बराच वेळ बसून राहिलो. दादालाही बोलावले. गुरुवारी रुग्णालयात जायचे ठरले आहे, घरातली औषधे माझ्याकडे आहेत, आणि कागद आम्ही तिघांनी मिळून लिहायला घेतला आहे. आईचे म्हणणे आहे की मुलीची खोली आता रिकामी करून टाकावी म्हणजे वहिनींना सारखी आठवण होणार नाही. याविषयी काय करावे?

कृष्णकमळ, पुणे

पाणवठा, खोलीला आत्ता हात लावू नका. तिच्या वस्तू कधी आणि किती हलवायच्या हे वहिनींनाच ठरवू द्या, आणि त्यांनी काही वर्षे काहीच ठरवले नाही तरी चालेल. फक्त सुरुवातीच्या दिवसांत त्या खोलीत दार लावून एकट्या बसत नाहीत ना, तेवढे पाहा. त्यांना आत बसायचे असेल तर दार उघडे ठेवून तुमच्यापैकी कोणीतरी बाहेर बसा. गुरुवारी डॉक्टर काय म्हणाले ते कळवा.